बाळीच्या इंग्रजीची दुरुस्ती

लोकांनी इंग्रजीत चुका कराव्यात, माझी काही हरकत नाही. चुका झाल्या नाहीत तर मला पगार कशाचा मिळणार? धुलाईयंत्रं, मिक्सर आणि पंखे बनवणाऱ्या एका कंपनीत मी नोकरी करते. यंत्राच्या खोक्यात जी माहितीपुस्तिका असते, आणि जी तुम्ही न वाचता खणात टाकून देता, तिचं इंग्रजी मी तपासते. आमचे इंजिनिअर यंत्रं झकास बनवतात, पण लिहायला बसले की त्यांचा तोल जातो. एकाने एकदा असं वाक्य रचलं की गरम पाण्यात धुऊन, पिळून निघतो तो ग्राहक आणि कपडे बाजूला उभे राहून बघतात. मी त्याला बोलावून विचारलं, "अहो, ग्राहकाला वाळत घालायचं का आता?" तो म्हणाला, "मॅडम, भावना समजून घ्या." भावना समजून घेतल्या असत्या तर लोकांची बोटं पंख्यात गेली असती.

ऑफिसात मला सगळे 'लाल पेन' म्हणतात. तोंडावर नाही, पण मला ऐकू येतं.

घरी मात्र मी ताई. माझ्या दाराच्या अगदी समोरच्या दारात माझी धाकटी बहीण राहते. शेंडेफळ म्हणून लहानपणी तिला सगळे बाळी म्हणायचे, आणि आता पन्नाशी ओलांडली तरी ती बाळीच आहे. पुढच्या खोलीत तिचं शिलाईचं मशीन. पँट आखूड कर, झगा सैल कर, चेन बदलून दे, अशी कामं ती करते. दिवसभर तिच्या तोंडात टाचण्या असतात, त्यामुळे तिचं निम्मं बोलणं अंदाजाने ओळखावं लागतं. माझे यजमान गेल्यापासून मी ऑफिसातून सुटले की माझं दार उघडतच नाही, सरळ समोरच्या दारात शिरते. चहा तिच्याकडे, भांडण तिच्याकडे, जेवणही बहुतेक तिच्याकडेच.

बाळीचा मुलगा बोटीवर इंजिनाच्या खोलीत कामाला आहे. आम्ही त्याला कप्तान म्हणतो, कारण खऱ्या कप्तानाला आम्ही ओळखत नाही. त्याने लग्न केलं ते लांबच्या शहरातल्या, अगदी वेगळी भाषा बोलणाऱ्या मुलीशी. पोरगी गुणी आहे, पण सासूची भाषा सुनेला येत नाही आणि सुनेची सासूला. मधला पूल काय तो इंग्रजीचा, आणि तोही दोन्हीकडून मोडका. फोनवर बाळी ओरडून विचारायची, "ईट? स्लीप? गुड?" तिकडून उत्तर यायचं, "येस मदर. गुड." मग दोघी खूप वेळ नुसत्या हसायच्या आणि फोन ठेवायच्या. मला वाटायचं, चला, एवढं कमी बोलणाऱ्या सासू-सुनेचं कधी वाजायचं नाही.

मग सुनेला दिवस गेले. सातव्या महिन्यात डॉक्टरांनी तिला पलंगावरून उठायचं नाही असं सांगितलं. कप्तान भर समुद्रात. तिची आई फार पूर्वीच गेलेली. एक थोरला भाऊ त्याच शहरात होता, पण त्याला स्वतःचा संसार आणि वकिलाच्या ऑफिसातली नोकरी, त्यामुळे तो सुट्टीच्या दिवशी डोकावणार, एवढंच. म्हणजे पोरगी दिवसभर घरात एकटी.

बाळी त्या संध्याकाळी फोन घेऊन माझ्यासमोर बसली. तोंडातल्या टाचण्या काढून तिने त्या टाचण्यांच्या गादीत खोचल्या, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"ताई, मी तिला मेल लिहिलंय. फोनवर हसण्यावारी जातं गं सगळं. हे नीट व्हायला पाहिजे. तू जरा बघ. ती शिकलेली माणसं आहेत, त्यांच्यापुढे माझी शोभा नको."

मी बघितलं. बाळीने लिहिलं होतं, "डॉटर आय कमिंग यू नो वरी यू स्लीप आय डू ऑल बेबी गुड यू गुड." पूर्णविराम नाही, स्वल्पविराम नाही, कर्त्याला धड क्रियापद नाही. 'कमिंग' म्हणजे आत्ता रस्त्यात आहे की पुढच्या आठवड्यात निघणार आहे? 'डू ऑल' म्हणजे सगळं काय? बाळी म्हणाली, "सगळं म्हणजे सगळं." मी म्हणाले, "इंग्रजीत असं चालत नाही." आणि चष्मा लावला.

त्याचं मी जे केलं, ते मराठीत सांगायचं तर साधारण असं होतं: 'आपल्या प्रकृतीविषयी समजले. या काळात माझ्या मदतीची आवश्यकता भासल्यास कृपया निःसंकोचपणे कळवावे.' इंग्रजीत ते याहून देखणं दिसतं. बाळीने ते दोनदा वाचलं आणि म्हणाली, "बाई गं! हे मी लिहिलंय?" मला वाटलं, कौतुक करतेय.

दोन-चार दिवसांनी उत्तर आलं, आणि मी चाटच पडले. 'येस मदर गुड' म्हणणाऱ्या पोरीने कसं इंग्रजी लिहिलं होतं! आपण दाखवलेल्या आस्थेबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत, तशी गरज उद्भवल्यास आपल्याला यथावकाश कळवण्यात येईल. एक चूक नाही. मी शोधली.

"काय म्हणते?" बाळी पायमशीन थांबवून विचारत होती.

"आभार मानतेय."

"ते झालं. ये म्हणते का नको म्हणते?"

मी परत वाचलं. "गरज पडली तर कळवू म्हणते."

"म्हणजे ये?"

"म्हणजे... आत्ता नको."

"म्हणजे नंतर ये?"

"नंतर ये असंही नाही म्हटलेलं. कळवू म्हटलंय."

"ताई, तुला इंग्रजी येतं ना?"

आता याला काय उत्तर द्यायचं? वाक्य स्वच्छ होतं. कर्ता होता, कर्म होतं, सगळं जागच्या जागी. फक्त आत माणूस सापडत नव्हता. आणि 'आम्ही' म्हणजे कोण? ती आणि पोटातलं बाळ? मला राग यायला लागला. नाकावरचा माझा राग घरात प्रसिद्धच आहे. मी म्हणाले, "बाळी, तुला सांगते, ही सभ्य भाषेत काढलेली पळवाट आहे. शिकलेल्या माणसांची 'नको' म्हणायची ही रीत असते."

 बाळीने कोणाच्या तरी पँटची एकच बाजू दोनदा दुमडून शिवली आणि मग उसवत बसली.

दुसरं मेल तिने मला मराठीतच सांगितलं. "तिला विचार, मी आलेली तुला आवडणार नाही का? माझं काही चुकलं का?" मी विचार केला, एवढं लाचार कशाला व्हायचं? सासू आहे ती. मी लिहिलं की आपल्या उत्तरावरून आपली इच्छा स्पष्ट होत नाही, तरी कृपया खुलासा करावा. तिकडून आलं की आपल्यावर कोणत्याही प्रकारचा भार टाकण्याची आमची इच्छा नसून निर्णय आम्ही सर्वस्वी आपल्यावर सोपवत आहोत.

"हे काय आता?" बाळी रडकुंडीला आली. "ये?"

"अगं, ये म्हणायचं असतं तर ये म्हणाली असती ना! निर्णय तुझा म्हणतेय. म्हणजे आलीस तर तुझ्या जबाबदारीवर."

"मग जाऊ का नको?"

"एवढं टाकून बोलल्यावर कशाला जातेस?"

मध्ये एकदा कप्तानाचा फोन लागला, कुठल्याशा बंदरातून. त्याच्यामागे लोखंड आपटल्याचा आवाज येत होता. "आई, तुम्ही दोघी ठरवा ना! ती म्हणते तू ठरवणार आहेस, तू म्हणतेस ती कळवणार आहे. मला इथून काहीच समजत नाही," म्हणाला, आणि फोन कापला गेला. बाळीने कपाट उघडून पिशवी काढली, आणि तासाभराने परत कपाटात ठेवली. हे ती रोज करायला लागली.  बाळीने फोन करून सरळ का विचारलं नाही, असं तुम्ही म्हणाल. केला होता. "ईट? स्लीप? गुड?" "येस मदर. गुड." पण आता फोन ठेवल्यावर कोणी हसत नव्हतं.

शनिवारी दुपारी मी तिच्याकडे बटणांचा डबा निवडत बसले होते, तेव्हा तिचा फोन वाजला. अनोळखी आवाज, पुरुषाचा, इंग्रजीत. बाळीने घाबरून फोन माझ्यासमोर मशीनवर ठेवला आणि आवाज मोठा केला. तो सुनेचा भाऊ होता. आमचं बोलणं इंग्रजीत झालं, मी मराठीत सांगते.

"तुमच्या सुनेला चक्कर आली," तो म्हणाला. "पाणी घ्यायला उठली होती. दारात पडली. शेजारणीने बघितलं म्हणून बरं. बाळ ठीक आहे, ती ठीक आहे, पण हॉस्पिटलात ठेवलंय."

बाळीने 'हॉस्पिटल' ऐकलं. ती उभी राहिली.

"अहो, मग गरज आहे हे इतके दिवस कळवलं का नाही?" मी म्हणाले.

"कळवायचं काय?" तो एकदम भडकला. "आवश्यकता भासल्यास कळवावे, असं लिहिता तुम्ही! आजारी मुलीने सासूकडे अर्ज करायचा का? माझी बहीण रडली ते वाचून. म्हणाली, मदर रागावली आहे, तिला यायचं नाही."

"आणि तुमच्या बहिणीने काय लिहिलं? यथावकाश कळवण्यात येईल! हे काय पाणीकपातीचं निवेदन आहे? असं कोणी सासूला लिहितं?"

"ते तिने नाही लिहिलं," तो म्हणाला.

"मग कोणी लिहिलं?"

"मी."

  मशीनवरचा फोन नुसता खरखरत राहिला.

"आणि तुमच्याकडून?" त्याने जरा बेताने विचारलं.

"मी," मी म्हणाले. "मी त्यांची मोठी बहीण. इंग्रजी तपासणं हा माझा व्यवसाय आहे."

"तरीच," तो म्हणाला. "तुमचं पहिलं मेल बघून माझी बहीण हादरली. तिला वाटलं, आपल्या मोडक्या इंग्रजीत याला उत्तर दिलं तर अपमान होईल. म्हणून तिने मला हाक मारली. मी वकिलाच्या ऑफिसात पत्रंच लिहितो दिवसभर. तुमच्या तोडीचं करायला मला त्रास झाला, खरं सांगतो."

एरवी मला याचा आनंद झाला असता. आम्ही दोघं शहाणे दोन टोकांना बसून एकमेकांशी पत्रव्यवहार करत होतो, आणि ज्यांचा संसार होता त्या दोघी मधल्या मधे गप्प बसल्या होत्या. माझ्या डोक्यात सगळं उलटसुलट व्हायला लागलं. कोण कोणावर रागावलं होतं? बाळी सुनेवर? सून बाळीवर? की मी या माणसावर, ज्याचं तोंडही मी बघितलेलं नाही?

"तिने स्वतः काय लिहिलं होतं?" मी विचारलं.

तो घुटमळला. "साधंच होतं. मदर यू कम सून, आय फिअर होम, असं काहीतरी. ते बरं दिसत नव्हतं. भीक मागितल्यासारखं. शिवाय चुका..."

"म्हणून तुम्ही ते काढून टाकलंत?" माझा पारा चढला. कोणावर तरी चढायला हवाच होता. "अहो, वाक्य चुकलं असेल तर दुरुस्त करायचं असतं! काढायचं नसतं! आमच्या कामात पहिला नियम तो. पानावर कितीही लाल करा, पण लिहिणाऱ्याला विचारल्याशिवाय एकही वाक्य गाळायचं नाही. काय माहीत, त्याच वाक्यात लिहिलेलं असेल की इथे हात घालू नका! मी इतकी वर्षं नोकरी केली, एक वाक्य गाळलेलं नाही. माणसाला सांगायचंय ते तुम्ही काढूनच टाकलंत, तर ती पोरगी..."

"ताई," बाळी म्हणाली.

मी थांबले. बाळीला इंग्रजी लिहिता येत नाही, पण ऐकून समजतं, हे मी नेहमी विसरते.

"मी आय कमिंग लिहिलं होतं ना?"

"हो."

"ते यांना मिळालंच नाही?"

फोनमधून तो विचारत होता, "हॅलो? हॅलो?" 

"ते चुकलं होतं का?" बाळीने विचारलं. तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं.

"चुकलं होतं," मी म्हणाले. "क्रियापद अर्धं होतं. आय ॲम पाहिजे होतं आधी. आणि कधी, ते नव्हतं."

"मग आय ॲम घालायचं होतंस. एवढंसं काम. तू आत्ता त्यांना तेच सांगितलंस ना? चुकलं तर दुरुस्त करायचं. तू काढून का टाकलंस?"

 लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे मी कितीदा इतरांना ऐकवलंय. मी आठवायचा प्रयत्न केला. त्या संध्याकाळी मी चष्मा लावला, ती ओळ वाचली, आणि मग? न विचारता येते म्हणणं बरं दिसत नाही, असं मला वाटलं होतं का? की तेव्हा काही वाटलंच नव्हतं, बोटांनी आपोआप ओळ पुसली? ऑफिसात माझी बोटं असं कधी करत नाहीत.

"मी जाऊ नये असं वाटत होतं का तुला?" बाळीने विचारलं.

"नाही गं," मी म्हणाले. मग म्हणाले, "मला माहीत नाही." आणि ते खरं होतं. देवाशपथ खरं होतं. मी स्वतःला उलटंपालटं करून बघितलं, पण मला खरंच काही ठरवता येईना. तिने जावं असं मला वाटत होतं. पोरगी एकटी होती, कोणालाही वाटेल. आणि बाळी गेली की समोरचं दार बंद, मशीन बंद, संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर मी कुठे जाणार, हेही मला कुठेतरी वाटत असणार. ते कुठे आणि कधी, ते मला दिसलं नाही. मला रडू आलं. बटणांचा डबा माझ्या मांडीवरून घरंगळला आणि बटणं मशीनखाली पसरली.

बाळीने फोन उचलला. माझ्याकडे न बघता ती त्याच्याशी इंग्रजीत बोलली, स्वतःच्या. "यू टेल शी, मदर टुमॉरो. बस. टुमॉरो." तिकडून तो काहीतरी म्हणाला. "नो मेल," बाळी म्हणाली. "नो मेल, ओके?"

त्यानंतर तिने कपाटातून पिशवी काढली, आणि या वेळी परत ठेवली नाही. मी खाली बसून बटणं गोळा केली.  तिने गिऱ्हाइकांचे कपडे माझ्याकडे आणून ठेवले, कोणाचं काय ते सांगितलं, आणि मी नुसती मान हलवत होते. एवढी मोठी चूक केल्यावर माणसाने काय म्हणायचं असतं, ते मला सुचत नव्हतं. दुसऱ्यांची वाक्यं मी कितीही सरळ करीन, पण माझं एक वाक्य मला जुळवता येईना.

सकाळी मी तिला बसपर्यंत सोडायला गेले. स्टँडवर गर्दी होती. बाळीने बाळासाठी शिवलेली झबली वेगळ्या पुडक्यात बांधून काखेत घेतली होती, आणि मोठी पिशवी मी उचलली होती. तिने नको म्हटलं तरी मीच उचलली. कंडक्टर दारात उभा राहून घाई करत होता.

"किती दिवस राहशील?" मला विचारायचं होतं. मी म्हणाले, "खिडकीशी बस. आणि पोचलीस की फोन कर."

"करीन."

"तिला सांग, मी..." मी म्हणाले. पुढे काय सांगायचं ते मला कळेना. "तिला सांग, नीट झोप म्हणावं."

"सांगते."

"जा मग," मी म्हणाले. "जा गं. तिला गरज आहे तुझी. माझी काळजी करू नकोस, माझं काय, मी मजेत राहीन. हवी तितकी राहा. अगदी बाळ चालायला लागेपर्यंत राहा, मी काहीसुद्धा म्हणणार नाही."

बाळी पायरीवर एक पाय ठेवून माझ्याकडे बघत होती. मागचे लोक कुरकुरायला लागले, कंडक्टरने बसवर थाप मारली. मला वाटलं, अजून रागावली आहे, म्हणून हलत नाहीये. मी पुन्हा म्हणाले, "अगं जा ना!"

"ताई," ती म्हणाली, "आधी पिशवी सोड."